पुराला बसलेला भाऊ

गणपा आला आणि तानाबाईला स्वतःच्या गोठ्यातसुद्धा मोकळं वाटेना. म्हशीच्या कासेला हात घालावा, तर पाठीमागून काठीचा आवाज यायचा. टक्. मग जरा थांबून, टक्. वळून बघावं तर हा चौकटीला हात लावून उभा. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत रबरी चपला, चष्म्यावर पावसाचे थेंब.

"आक्का, गव्हाण आधी या अंगाला नव्हती का?"

"असंल."

"असेल नाही, होतीच. आणि त्या भिंतीला खुंटी होती. आबा तिथं कासरा अडकवायचे."

"तुला लै ध्यानात हाय," म्हणून तानाबाई पुन्हा धारेकडं वळली. दूध चरवीत पडत होतं, पण तिचं चित्त काठीच्या आवाजात होतं. कासऱ्याची खुंटी कुठं होती, हे साठ वर्षांनी कुणाला कशाला लागतं?

कुरुंदवाडच्या खाली कृष्णेचा प्रवाह फुटतो आणि पुन्हा एक होतो. त्या दोन धारांच्या पोटात शेवरीचं बेट. पाच घरं, एक उंचवट्यावरची शाळा, एक बिरोबा आणि बाकी सगळी मळीची, नदीच्या गाळाची जमीन. उन्हाळ्यात अलीकडची धार गुडघाभर असते, चालत जाता येतं. पावसाळ्यात सयाजीच्या नावेशिवाय पाऊल हलत नाही. गणपा याच बेटावर जन्मला. अकराव्या वर्षी आबांनी त्याला शिकायला कुरुंदवाडला ठेवलं, आणि तो जो गेला तो वकील झाला, न्यायाधीश झाला, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरला आणि शेवटी कोल्हापुरात शाहूपुरीत घर घेऊन निवृत्त झाला. मधल्या सगळ्या वर्षांत तो बेटावर आला तो कुणाच्या मयताला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. सकाळच्या नावेनं यायचा, संध्याकाळच्या नावेनं जायचा. बायको गेली, मुलगा पुण्यात. आणि यंदा मिरगाच्या तोंडाला तो एक बॅग आणि एक घडीची खुर्ची घेऊन उतरला. म्हणाला, "चार दिवस राहतो."

नदीचं पाणी गढूळ झालं, तांबडं झालं, काठाच्या गवतात शिरलं, तरी त्याचे चार दिवस संपेनात.

तो दिवसभर बांधाबांधानं फिरायचा. मध्येच थांबायचा आणि बोलायचा. इथं बाभळ होती. इथं मोट होती. आपली हद्द त्या उंबरापर्यंत, उंबराच्या पलीकडं बाळासोच्या आजोबाचं. दिसेल त्याला विचारायचा, तुमच्या लक्षात आहे का? आणि समोरचा माणूस "हाय की" म्हणाला की मान हलवायचा, जणू आत कुठं तरी टिपून ठेवलं.

तानाबाई हे सगळं लांबून बघायची. आबांच्या मळीच्या उताऱ्यावर दोघांची नावं होती, हे साऱ्या बेटाला ठाऊक होतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती पोराला कडेवर घेऊन बापाच्या घरी आली तेव्हा तिच्या केसांत एक पांढरा नव्हता. आबा अंथरुणाला खिळले ते तिच्या हातात, गेले ते तिच्या मांडीवर. त्यानंतर मळी तिनं कसली, तिच्या पोरानं, कृष्णातनं, कसली. पण बेटावर उताऱ्याला कोण विचारतं? दरसाल पूर येतो, बांध पुसतो, वर हातभर गाळ पसरतो. मग कुणाचं रान कुणाचं, हे मुठीनं ठरायचं. जो पुराला बसला, म्हणजे पाणी चढलं असताना बेट सोडून गेला नाही, त्यानं पाणी उतरल्यावर आपल्या रानात बियाण्याची पहिली मूठ टाकायची. ती उगवली की ते रान त्या घराचं. मूठ घराच्या रक्ताची लागायची. लेक पुराला बसला असेल तर लेकाची, नसला तरच लेकीची. दोन हजार एकोणीसला पाणी शाळेच्या कौलाला लागलं, सगळ्यांनाच बोटीतून काढावं लागलं, त्या साली कुणाचीच मूठ पडली नाही आणि आदल्या सालच्या मुठी तशाच चालल्या. तेवढं साल सोडलं तर आबांमागं तानाबाईची मूठ कधी चुकली नव्हती. लेक बेटावर नव्हता म्हणून.

आणि आता लेक खुर्ची घेऊन आला होता.

"एकटं वाटत असंल मामास्नी," सून पूर्णिमा भाकरी थापता थापता म्हणाली. "शाहूपुरीत बोलाय कोन हाय त्यास्नी?"

"एकटं वाटणारी माणसं देवळात जात्यात. बांदावर जात न्हाईत."

कृष्णात ताटावर वाकून जेवत होता. तो म्हणाला, "मग इचार की सरळ."

"काय इचारू? जमीन घ्यायला आलास व्हय म्हणून? त्येनं जन्मभर लोकास्नी इचारलंय. त्येला इचारलं तर त्यो मलाच उलटं इचारंल."

बाळासो त्यांचा शेजारी. त्याचं रान उंबराच्या पलीकडं, आणि त्याची नजर अलीकडं. नावेच्या उतारावर पाय धुताना तो तानाबाईला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय तानाक्का, जज्जसायेब पुराला बसणार म्हनं?"

"कोन म्हनतंय?"

"कोन कशाला म्हनाय पायजे? माणूस भर पावसात सोताची खुर्ची घिऊन येतोय. तेबी घडीची! जायाचं असतं तर बाकड्यावर बसला असता की." आणि आपल्याच बोलण्यावर तो खो खो हसला.

धरणाचं पाणी सोडल्याची बातमी आली तशी तानाबाईनं भावाची बॅग स्वतः भरली. सदरे, औषधाच्या गोळ्या, पुस्तकं. पुस्तकं ओली होतील म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. सयाजीची शेवटची खेप होती. लेकुरवाळ्या बाया आणि आजारी माणसं पलीकडं चालली होती, पूर्णिमाही पोरीला घेऊन नावेत बसली.

"गणपा, चल, ऊठ. नाव थांबलीया."

"मी राहतो, आक्का."

"खुळा हायस व्हय? तुला झेपायचं न्हाय. संडासाला कुठं जाशील पाण्यात?"

"तुम्ही जाता तिथं."

"आमी कुठंबी जातो! तुजं गुडघं बसत न्हाईत."

"बघतो बसतात का," असं म्हणून त्यानं खुर्ची उघडली आणि ओसरीवर टेकला. तानाबाई बॅग हातात धरून तशीच उभी राहिली. तिकडून सयाजीनं हाक दिली, "यायचं हाय का न्हाय सायबास्नी?" गणपा खुर्चीतच मागं रेलला. नाव सुटली. झालं, तिला वाटलं. तोंडानं बोलला नाही, पण बोलला.

पाणी रातोरात रानात शिरलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आलं. मागं राहिलेली माणसं जनावरं घेऊन शाळेच्या उंचवट्यावर चढली. पलीकडं नाव बांधून सयाजीही लोखंडी बोटीतून परत आला, कारण त्याचंही रान होतं. एका खोलीत माणसं, एका खोलीत कडबा आणि ओसरीवर म्हशी. शेणाचा, ओल्या घोंगड्यांचा आणि रॉकेलचा वास एक झाला. जिकडं बघावं तिकडं लाल पाणी, आणि त्यातून वर आलेले उसाचे शेंडे, तेही एकेक दिवसानं बुडत गेले.

गणपाचे हाल बघवत नव्हते. उकिडवं बसता येईना म्हणून कृष्णातनं त्याला दोन विटा आणि एक फळी मांडून दिली, तर बाळासो म्हणाला, "हे बरं हाय, सायबास्नी हितंबी खुर्ची." सगळे हसले. गणपाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. चार दिवसांत त्याच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून फुटली, चालताना तो दात आवळायचा. तानाबाईनं तेल गरम केलं, हळद घातली, आणि त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. पाय मऊ होता, टाच बाळंतिणीसारखी. तिनं आपल्या राठ अंगठ्यानं भेगांत तेल चोळलं तसा तो कळवळला.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखतंय तर दुखतंय म्हण की. हितं कोर्ट न्हाय."

त्यानं पाय तसाच तिच्या मांडीवर राहू दिला. मग म्हणाला, "तो मोठा पूर आठवतो? आपण लहान होतो. आबांनी आपल्या दोघांना एका कासऱ्यानं बांधलं होतं, कमरेला. एक टोक शाळेच्या खांबाला. रात्रभर तू माझा हात धरला होतास. मी ही गोष्ट खूप लोकांना सांगितली आहे."

तानाबाईचा अंगठा थांबला. "दोघांस्नी न्हाय."

"काय?"

"कासरा यकच हुता. तुला बांदलंतं. मी मोकळी हुते. माज्या हातात रेडकू दिलंतं, सोडू नगंस म्हणून."

"नाही, आक्का. मला स्पष्ट आठवतं."

"तुला आठवत असंल. मला ठावं हाय."

कोपऱ्यात पडलेल्या बाळासोनं घोंगडीतून डोकं वर काढून ऐकलं आणि परत आत घेतलं. गणपा पाय मागं घ्यायला लागला, तानाबाईनं सोडला नाही. राहिलेल्या बोटांना तेल लावलं, चिंधी बांधली, मग हात पुसले. त्यानंतर त्यानं जुनं काही विचारलं नाही. ती मात्र जास्तच सावध झाली. बोलणारा माणूस गप्प झाला, की आत काहीतरी शिजतंय असं ती समजायची.

पाणी चढलं त्याच्या निम्म्यानंही लवकर उतरलं नाही. उतरलं तेव्हा सगळं बेट सारवलेल्या भुईसारखं दिसत होतं. बांध नाही, वाट नाही, पाऊल नाही. कुजक्या उसाचा आंबूस वास सुटलेला. घराच्या भिंती ओल्या होत्या, पण उभ्या होत्या. पूर्णिमा परत आली, चूल मांडली, गोठ्यातला गाळ कृष्णातनं फावड्यानं उपसला. गणपाही एक पाटी उचलायला गेला आणि कमरेला हात लावून बसला.

दुपारी तानाबाई अंथरुणं वाळत घालत होती. कुडाच्या पलीकडं बाळासोचा आवाज आला.

"सायेब, आता तुमी पुराला बसलासा. मूठ लेकाची. तानाक्का काय म्हनंल ते म्हनूं द्या, रीत ती रीत. तुमच्याच्यानं काय कसनं हुनार? माज्याकडं द्या खंडानं. घरबसल्या धान्य पोचवतो शाहूपुरीला."

तानाबाई कुडाला कान लावून उभी राहिली. गणपा म्हणाला, "बघू."

नुसतं बघू. नाही म्हणाला नाही. तिच्या हातातली वाकळ चिखलात पडली.

पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं, तेव्हा भावाच्या आधी आपली मूठ उगवावी म्हणून ती मडक्यातला शाळू ओच्यात घेऊन निघाली. चपला काढून ठेवल्या. गाळात पाय पोटरीपर्यंत रुतत होते, काढताना चुबुक् चुबुक् आवाज यायचा, तोसुद्धा तिला मोठा वाटायचा. जन्मात तिनं वाफसा आल्याशिवाय बी टाकलं नव्हतं. मूठभर माती दाबून सोडावी, ती भुगा होऊन पडली पाहिजे, तेव्हा वाफसा. तिनं आज माती दाबली तर ती बोटांतून ताकासारखी गळाली. तिला कळत होतं. तरी तिनं मूठ भरली, आबांचं नाव घेतलं, आणि टाकली. दाणे गाळावर पडले आणि तिथंच चिकटून राहिले, डोळ्यांसारखे.

ती वळली तर अंगणाच्या कडेला काठी टेकून गणपा उभा.

"आक्का, वाफसा नाही आला."

"मला शिकवतूस व्हय?"

"शिकवत नाही. आबा म्हणायचे..."

"आबा काय म्हणायचे ते मला म्हाईत हाय. त्येंच्या तोंडात पाणी घालाय मी हुते."

तो बाजूला झाला. तिला जाण्यापुरती वाट केली. तेवढ्या वाटेनं जाताना तिचा ओला ओचा त्याच्या काठीला लागला, आणि ती अशी अंग चोरून पुढं गेली जणू परक्या पुरुषाजवळून चालली आहे.

दाणे उगवायचे नव्हतेच. फुगले, आंबले, काळे पडले. ती रोज जाऊन बघायची आणि घरात कुणी उगवलं का विचारलं तर "हाय की" म्हणायची. तोवर ऊन पडलं, गाळ तडकला, वाफसा आला. पाची घरांनी पेरणीचा दिवस धरला. रीत अशी की सगळ्यांनी मिळून एकेका रानात जायचं आणि सगळ्यांच्या देखत मूठ टाकायची. पहिल्या दोन रानांत हसतखेळत झालं. तिसरं तानाबाईचं.

बाळासोनं वाकून एक काळा दाणा नखानं उकरला, नाकाला लावला आणि सगळ्यांना दाखवला. "हितं कुनीतरी आधीच टाकलीया. कुजली. उगवली न्हाय म्हंजे मूठ न्हाय. आता रीतीनं इचारा सयाजीतात्या. ह्या घरातलं पुराला कोन कोन बसलं?"

कृष्णात पुढं होऊन काहीतरी बोलणार, तोच तानाबाईनं त्याचा दंड धरला. इथं पोराला बोलायचा हक्क नव्हता. त्याचं रक्त दुसऱ्या घरचं.

सयाजी सगळ्यांत वडील. त्यानं दोन ढेकळं उचलली. ज्याला विचारायचं त्याच्या हातात ढेकूळ द्यायचं, आणि ज्याचं त्यानंच सांगायचं. दुसऱ्यानं त्यात बोलायचं नाही, हे बेटावर पहिल्यापासून होतं.

"तानाबाई, पुराला बसलीस?"

"बसले."

"गणपतराव, तुमी?"

गणपानं ढेकूळ घेतलं. उलटंसुलटं केलं. ऊन त्याच्या टकलावर पडलं होतं, आणि पायाला अजून चिंधी होती. तानाबाई त्याच्या ओठांकडं बघत होती. आता बसलो म्हणाला की संपलं. आजची मूठ त्याची, उद्या खंड बाळासोचा, आणि परवा कृष्णात कुणाच्या तरी उसात तोडीला.

"मी नव्हतो," गणपा म्हणाला.

"आँ?"

"पुराला बसलो नाही. पाणी चढायच्या आधी गेलो. तुमच्याच नावेतून, तात्या."

सयाजीनं त्याच्याकडं बघितलं. सगळेच बघत राहिले. बाळासोला आधी हसू आलं, मग राग आला. "अवो सायेब, काय बोलताय! शाळंत माज्या उशाला झोपला हुतासा. तुमच्या घोरन्यानं माजी म्हस दूध द्याची बंद झालती! त्या विटा, त्यी फळी, अजून तितंच हाय की!"

"दुसरं कोणी असेल."

"दुसरं कोन? चष्मा घालून?"

"बाळासो," गणपाचा आवाज एकदम कोरडा झाला, कोर्टात लागत असेल तसा. "ज्याचं त्यानं सांगायचं. मी माती हातात घेऊन सांगितलं. तुम्ही त्यात बोलायचं नाही."

कुणीतरी खोकलं. सयाजीनं डोक्यावरचा पटका सारखा केला. "सांगितलं म्हंजे झालं," तो म्हणाला. "टाक, तानाबाई."

तिनं ओच्यात हात घातला. तळहाताला घाम आला होता, दाणे चिकटत होते. तिनं मूठ टाकली ती वाकडीतिकडी पडली. बाळासो थुंकला आणि पुढच्या रानाकडं चालू लागला. त्याच्यामागं बाकीचे. कृष्णात पेरणीला पाभर जुंपायला गेला.

गणपा तिथंच उभा होता, हातातलं ढेकूळ चुरत. जन्मभर कोर्टात ज्यानं लोकांची खोटी साक्ष ऐकली, त्यानं पाच घरांसमोर डोळ्यांत डोळे घालून खोटं सांगितलं होतं. तानाबाई त्याच्याजवळ गेली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिच्या मनात आता दुसरीच पाल चुकचुकली.

"उताऱ्यावर नाव हाय तुजं. त्येचं काय?"

"हक्क सोडायचा असेल तर कुरुंदवाडला जाऊन सही करावी लागेल. तुलाही यावं लागेल."

"सईबरूबर आनि काय लिवून घेशील?"

"बघ. मला माहीत होतं, तू असंच म्हणणार."

"म्हणनारच. बाळासोला बघू म्हनलास ते का?"

"त्याला दारातून घालवायला दुसरं काही सुचलं नाही मला."

तिला हे पटलंही आणि नाहीही. "मग बसलास कशाला पुराला? पाय सडवून घेतलास, हसं करून घेतलंस. कशाला?"

तो पायाच्या चिंधीकडं बघत म्हणाला, "बेटावरचा प्रत्येक माणूस बसला आहे एकदा तरी मोठेपणी. मी नव्हतो बसलो. बघायचं होतं, मला जमतं का."

"जमलं की मग."

"नाही. मी बसलोच नाही. आता ऐकलंस ना?"

तानाबाईच्या ध्यानात आलं. ज्या एका गोष्टीसाठी तो आला होता, ती त्यानं आत्ताच पाच घरांसमोर नाही म्हणून सांगितली होती. आता बेटावर पोराबाळांना सांगतानाही कुणाला म्हणता येणार नव्हतं की गणपत अमक्या सालच्या पुराला बसला. की यातही काही आहे? तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. म्हाताऱ्या माणसाचं थकलेलं तोंड होतं, दुसरं काही सापडलं नाही.

दोन दिवसांनी तो निघाला. नाव उताराला लागली होती, बाळासोसुद्धा दुधाचे कॅन घेऊन बसला होता. कृष्णातनं मामाला दंडाला धरून चढवलं. सयाजीनं वल्हं काठाला टेकून रेटलं. नाव हातभर सुटली तेव्हा तानाबाईनं हाक मारली.

"गणपा!"

"काय?"

"ह्या खेपंला मला टाकून पळून गेलास. फुडल्या पुराला बस."

बाळासोनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. गणपानं तोंड उघडलं, पण धारेचा आवाज मोठा होता, आणि तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही.

ती माघारी फिरली. रानात साळुंक्या उतरल्या होत्या, पेरलेलं उकरत होत्या. तिनं ढेकूळ उचलून भिरकावलं, हा हा करून ओरडली. पाखरं उडाली आणि जरा लांब जाऊन पुन्हा बसली. आपण हे काय बोलून बसलो? बाळासोनं ऐकलं, सयाजीनं ऐकलं. साऱ्या नावेनं ऐकलं. आपल्याच तोंडानं मूठ देऊन टाकली की काय? दुसरं ढेकूळ हातात घेऊन ती नदीकडं बघत राहिली. नाव मध्यावर पोचली होती, आणि पाठमोरा बसलेला गणपा एवढ्या लांबून बेटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखा दिसत होता.